डुकरांना हाक मारणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला तेलाचा डबा आहे. नाक मुरडू नका. एके काळी मीही चकचकीत होतो. हॉटेलात तेल संपलं आणि मी भंगारात गेलो. तिथून शेवंतीने मला उचललं. विठ्ठलवाडीच्या नाल्याकाठी ती आणि तिची लेक भावना डुकरं पाळायच्या.

रोज सकाळी हातगाडी घेऊन त्या हॉटेलांचं, लग्नाच्या हॉलचं खरकटं गोळा करायच्या. ज्यांचं उष्टं उचलायचं, तेच त्यांना पाहून नाकाला रुमाल लावायचे. रविवारी मात्र त्यांच्यातलेच काही गुपचूप डुकराचं मटण न्यायला यायचे! शेवंतीच्या हातचं पाणी तेवढं त्यांना चालायचं नाही.

दहा घरांची डुकरं दिवसभर नाल्यात एकत्र चरायची. संध्याकाळी प्रत्येक घर आपापला डबा वाजवी आणि डुकरं आपल्या घरचा आवाज बरोबर ओळखत. मी तीनदा खणखणलो की शेवंतीची एकवीस डुकरं धावत सुटत. खोटं कशाला बोलू, मला त्याचा भारी गर्व होता.

मग तापाची साथ आली. शेजारच्या शीलाची सगळी डुकरं दोन दिवसांत मेली. शेवंतीच्या तोंडचं पाणी पळालं. अशातच तीन माणसं जाळीची गाडी घेऊन आली. डुकरं काही त्यांच्या हाती लागेनात. तेव्हा एक जण गोड आवाजात म्हणाला, "ताई, लस टोचायचीय. तुम्हीच बोलवा ना."

"आई, थांब गं! आधी कागद दाखवा म्हणावं," भावना म्हणाली.

"अगं, गळ्यात कार्ड आहे त्यांच्या. शिकलेली माणसं खोटं कशाला बोलतील?"

तिने मला वाजवलं. डुकरं आली आणि एकेकाच्या पायात फास पडला. लस कुणालाच टोचली नाही. शेवंती गाडीपुढे आडवी पडली, तर तिला फरफटत बाजूला केलं. नाल्यासमोरच्या उंच टॉवरात राहणाऱ्यांना दारासमोर डुकरं नको होती; त्यांनीच ही माणसं पाठवली होती, हे त्यांच्या बोलण्यातून तेव्हा कळलं.

पण डुकरं भरली वीसच. काळी नावाची गाभण डुकरीण आली नव्हती.

"वाजव परत!" मघाचा गोड बोलणारा आता खेकसला.

"मेले तरी नाही वाजवणार!" शेवंतीने मला पदराआड धरलं.

त्याने मला हिसकावलं आणि हसत हसत काठीने तीनदा हाणलं. अरे देवा, मला गप्प बसता आलं असतं तर! पण पत्र्याचा जन्म, हाणलं की वाजायचंच. काळी पोट सांभाळत चिखलातून वर आली आणि थेट त्याच्या पायाशी जाऊन उभी राहिली.

गाडी गेल्यावर शेवंतीने मला दगडाने चेचलं. बरंच केलं. मित्रांनो, मला घासूनपुसून जपा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो, विश्वासाने हाकेला धावून येणाऱ्याचा गळा कापू नका.

परवा भावना म्हणाली, "आई, दोन पिल्लं आणूया का गं?"

शेवंतीने कोपऱ्यात चेचून पडलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणशील गं. पण त्यांना हाक कुठल्या तोंडानं मारू?"