अस्वलाचा नाताळ

नाताळच्या सुट्टीत सात वर्षांच्या ऋतुजाने एकच कार्टून सिनेमा पुन्हा पुन्हा लावला होता. त्याच्या पहिल्या भागात शापाने अस्वल झालेला राजपुत्र राजकन्येच्या मायेने माणूस होतो. या दुसऱ्या भागात महालात नाताळ येतो, पण शाप पुरता सुटलेला नसतो. राजपुत्र चिडला की पुन्हा अस्वल होतो, सजवलेलं झाड मोडतो आणि मग रडत बसतो. राजकन्या काही त्याला सोडून जात नाही.

तिच्या आईला, मेघाला, तो सिनेमा स्वयंपाकघरातून नुसता ऐकू यायचा. त्या दुपारी भाजी फोडणीला टाकून ती बाहेर आली आणि दारातच थबकली. पोरीने समोरच्या खोलीभर कागदी चांदण्यांच्या माळा बांधल्या होत्या.

"हे काढ बेटा. पप्पा येतील आता."

"त्यांच्यासाठीच तर लावून राहिली मी."

"त्यांले पसारा चालत नाही, माहीत आहे ना तुले?"

"आहे ना," ऋतुजा म्हणाली. "ते आधी तोडतील. मग रडतील. मग चांगले होऊन जातील. आपण फक्त चूप बसायचं."

दिवाळीत नवऱ्याने, रोशनने, ताट भिंतीवर फेकलं होतं, तेव्हा मेघानेच पोरीला कुशीत घेऊन सांगितलं होतं, पप्पा मनाने चांगले आहेत, सांभाळून घ्यायचं.

ती घाईघाईने स्टुलावर चढली. एक माळ सुटली, दुसरीची गाठ काही सुटेना. तेवढ्यात खाली मोटरसायकल थांबली. जिन्यावरच्या पावलांवरूनच तिला कळलं, आज पारा चढलेला आहे. ती स्टुलावरून उतरली, तोवर तो दारात होता.

"काहून वं, घर आहे का बाजार?" रोशनने एका झटक्यात माळा ओढल्या, स्टूल लाथाडलं. ते ऋतुजाच्या गुडघ्याला घासून भिंतीवर आदळलं.

पोरगी हलली नाही. मांडीवर हात ठेवून ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू पुढचं माहीत असल्यासारखी. रोशन पाय आपटत न्हाणीघरात गेला. आतून नळाचा आवाज आला.

"मम्मी, ते रडून राहिले का आतमंदी?"

मेघाने गॅस बंद केला. पिशवीत हाताला लागतील ते कपडे कोंबले, ऋतुजाला चपला घातल्या आणि नळ चालू होता तोवर जिना उतरली. सक्करदऱ्याच्या चौकात पहिला दिसला तो ऑटो धरला, स्टँडवर रामटेकची बस.

कामठी जाईपर्यंत ती मागच्या काचेतून प्रत्येक मोटरसायकल न्याहाळत होती. फोन वाजून वाजून बंद व्हायचा, पुन्हा वाजायचा.

"पप्पा जेवले असतील का?" ऋतुजाने विचारलं.

"भाजी झाली होती," मेघा म्हणाली.

ऑटोतूनच फोन केला होता, त्यामुळे रामटेकला मोठी बहीण यमुताई स्टँडवर उभीच होती. तिने काही न विचारता आधी पोरीचा गुडघा पाहिला, मग पिशवी घेतली. फोन पुन्हा वाजला.

"दे इकडे, मी बोलते त्याच्यासंग."

मेघाने फोन दिला नाही. तो थरथरत राहिला आणि तिने मूठ घट्ट आवळली.