एकविसावी बॅटर

वीस मुली बाद झाल्या होत्या. सात डावांच्या सॉफ्टबॉल मॅचमध्ये एकवीस बाद करायच्या असतात, आणि त्या शनिवारी दुपारी बॉल टाकणाऱ्या इलानं समोरच्या टीममधल्या एकीलाही पहिल्या बेसपर्यंत पोचू दिलं नव्हतं. आणखी एक गेली की परफेक्ट गेम. डब्लिनच्या या लीगमध्ये तो आजवर कुणाला जमला नव्हता.

एकविसावी बॅटर ब्रुक हेल्मेट घालून निघाली, तेवढ्यात तिच्या कोचनं तिचा दंड धरला आणि अंपायरला हाक मारली.

"हिचा घोटा मुरगळलाय. खेळू शकत नाही."

त्यांच्याकडे बदली खेळाडू नव्हती. नवाच्या आठ झाल्या की मॅच सोडून दिली असं धरायचं, हा लीगचा नियम. विजय इलाच्या टीमला. पण त्या मॅचमधली कुणाचीच कामगिरी नोंदली जाणार नाही. अंपायरनं नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं आणि खेळ थांबवला.

"ती नीट चालतेय!" इला मैदानाच्या मधोमध उभी राहून ओरडली. "लुक ॲट हर!"

ब्रुक मान खाली घालून त्यांच्या टीमच्या बसकडे गेली. तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

इलाचे बाबा, चंद्रशेखर, जाळीमागे उभे होते. नागपूर सोडून एकोणीस वर्षं झाली होती. बॉस असो, इमिग्रेशनचा अधिकारी असो, कुणापुढे आवाज चढवायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. तो कोच जवळून गेला तेव्हा सवयीनं त्यांचा हात पुढे झाला. "गुड गेम. थँक यू."

इलानं ते पाहिलं. पार्किंगमध्ये येऊन तिनं ग्लव्ह गाडीच्या बॉनेटवर आपटला.

"बाबा, यू शुक हिज हँड!"

"अगं, जिंकलात ना तुम्ही? जाऊ दे आता. भांडून काय मिळणार आहे?"

"जाऊ दे, जाऊ दे! एव्हरी टाइम! तो सगळ्यांसमोर खोटं बोलला. माझं होतं ते चोरलं त्यानं. आणि तू त्याला थँक यू म्हणालास!"

"बेटा..." चंद्रशेखर म्हणाले. त्यांचे कान तापले होते.

तेवढ्यात बसमधून ब्रुक उतरली. खांद्यावर बॅट, तरातरा चालत आली.

"माझ्या पायाला काहीही झालेलं नाही," ती इलाला म्हणाली. "मी तिथंच बोलायला हवं होतं. चल, टाक."

दोघी मैदानात परत गेल्या. इलाची कॅचर मोना अजून तिथंच होती. तिनं मास्क पुन्हा चढवला. मागून कोच धावत आला.

"ब्रुक! आत्ताच्या आत्ता बसमध्ये बस!"

चंद्रशेखर जाळीच्या फाटकात आडवे उभे राहिले.

"तिचा घोटा मुरगळलाय ना?" इंग्रजीत, एकेक शब्द चावत ते म्हणाले. "मग तिला यायला वेळ लागेल."

"सर, बाजूला व्हा."

"नाही!" आवाज कापत होता, तरी चढला. "तुम्ही खोटं बोललात. माझ्या मुलीचा खेळ गिळलात. आता इथं उभं राहून बघा."

कोच थांबला.

पहिला बॉल ब्रुकनं सोडला, स्ट्राइक. दुसऱ्यावर बॅट हवेत फिरली. आणखी एक स्ट्राइक, की ब्रुक बाद. तिसरा इलानं दात-ओठ खाऊन टाकला, आणि हातातून सुटतानाच तिला कळलं की तो फार मधोमध गेलाय. खणकन आवाज झाला. बॉल दूर गवतात जाऊन पडला. ब्रुक धावत पहिल्या बेसवर गेली आणि तिथंच उभी राहिली.

"सॉरी," ती म्हणाली.

"डोंट!" इला किंचाळली. "सॉरी म्हणायचं नाही!"

मॅच थांबली नसती तर, हात गरम असताना, तिनं बॉल तसा टाकला असता का? हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. त्याचाच इलाला सगळ्यात जास्त संताप आला. गवतातून बॉल उचलून, कोच उभा होता त्या जाळीवर तिनं तो जीव खाऊन फेकला.

चंद्रशेखरांनी तिला थांबवलं नाही.