पंख्यातला खिळा

सोपानच्या घरामागं बोट पालथी पडली होती आणि तिच्याखाली बनाबाईच्या कोंबड्या राहत होत्या. नवऱ्याच्या बोटीचा त्या माउलीला तेवढाच उपयोग. फायबरची असल्यानं ती कुजत नव्हती, आणि जिथं फुटली होती तिथं बनाबाईनं पोतं कोंबलं होतं. कुशीवर निळ्या रंगात नाव होतं, ‘प्रज्ञा’. लेकीचंच नाव सोपाननं हौसेनं घातलेलं. बोट फुटली त्या दिवशी अख्ख्या गावात ‘प्रज्ञा फुटली, प्रज्ञा फुटली’ अशी बोंब झाली. तेव्हा खरी प्रज्ञा दहावीला होती, आणि वर्गातल्या पोरांना त्यावर वर्षभर हसायला पुरलं.

पण खरं दुखणं बोट फुटण्याचं नव्हतंच. सोपान धरणावर पर्यटकांना बोटीतून फिरवायचा. त्या दिवशी ऐन मध्यावर मोटर नुसतीच किंचाळायला लागली, बोट काही पुढं सरकेना. वाऱ्यानं ती खडकावर नेऊन आपटली. कुणी बुडालं नाही, पण एका पाहुण्याचा हात मोडला. काठावर लोकांनी सोपानला धरला तेव्हा त्याच्याच हाताखाली काम करणारा अजिनाथ म्हणाला, “सकाळपास्नं वास येत हुता त्येंच्या तोंडाला. मी गप बसलो, काय करनार?”

एवढंच. पुढच्या मोसमात धरणावरचा बोटीचा परवाना अजिनाथच्या नावावर झाला आणि सोपानच्या नावापुढं ‘बेवडा’ लागलं. ज्या माणसानं बापाशेजारी उभं राहून लहानपणीच बावीस प्रतिज्ञा म्हटल्या होत्या आणि दारूला कधी हातसुद्धा लावला नव्हता, त्याच्या नावापुढं! आधी तो विहारात वंदनेला जाऊन मागं बसायला लागला. नंतर जाणंच सोडलं. प्रज्ञा हे सगळं बघत मोठी झाली, आणि तिच्या मनात एकच गोष्ट घट्ट होत गेली. अजिनाथला हे फेडायला लावायचं. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. पण लावायचं.

सुप्याच्या एमआयडीसीत फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात तिनं काही वर्षं काढली, हातावर रेझिनचे, त्या चिकट रसायनाचे डाग घेऊन. यंदा होळी झाली आणि ती नोकरी सोडून घरी आली ती टेम्पोत रेझिनचे डबे, कापडासारखी फायबरची मॅट आणि ग्राइंडर घालूनच.

“कोंबड्या कुठं ठिऊ?” बनाबाईनं विचारलं.

“ठेव माज्या उरावर,” प्रज्ञा म्हणाली, आणि मायलेकींनी मिळून बोट सरळ केली.

फायबर घासायला लागलं की त्याची धूळ अंगात शिरते आणि रात्रंदिवस खाजवत बसावं लागतं. प्रज्ञा खाजवत राहिली, घासत राहिली. मोटर जिच्यावर अडकवतात ती मागची फळी आतून पार लगदा झाली होती. ती कापून काढली, नवी बसवली, वरून मॅटचे थर दिले, रोलर दाबून दाबून एकेक हवेचा फुगा बाहेर काढला. उन्हाळ्यात रेझिन मगातच तापून धूर सोडायला लागतं, म्हणून ती भल्या सकाळी कामाला बसायची. सोपान ओट्यावरून बघायचा. एकदा फक्त म्हणाला, “त्या कोपऱ्यात अजून येक थर दे.” तिनं दोन दिले.

मोटर तिनं राजूरच्या बाजारातल्या लालमहंमदकडं नेली. हा गृहस्थ पाण्याच्या पंपापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळं उघडायचा आणि बहुतेक सगळं परत बसवायचाही. त्यानं मोटरीचा पाण्यात फिरणारा पंखा काढला, आतली पिन ठोकून बाहेर पाडली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“हे बघ काय हाय.”

त्याच्या हातावर पिन नव्हती. तोडलेला खिळा होता, पत्र्याला मारतात तसला, पीळ असलेला.

“म्हंजे?”

“पोरी, पंखा दांड्याला हितं पिनेनं अडकतो. पंखा दगडाला, खुंटाला लागला की पिन तुटती, बाकी मोटर वाचती. तुटनं हेच तिचं काम. म्हनून पितळंची असती, मऊ. ह्यो लोखंडाचा. ह्यो न्हाई तुटत. मग काय तुटतं?” त्यानं खालचा डबा उघडून दाखवला. आतल्या दातेरी चकत्यांचे दात भुईमूग फोडावेत तसे फुटून तळाशी पडले होते.

प्रज्ञानं खिळा घरी आणला आणि बापाच्या पुढ्यात ठेवला. सोपाननं तो उचलला, फिरवला, उजेडात धरला.

“आदल्या सांजंला अजिनाथनं बोट नेल्ती,” तो हळूच म्हणाला. “दोस्तांना घिऊन. त्याच्या शेडवर पत्रं चढत हुतं तवा. खुंटाला धडकला आसंल, पिन तुटली, तर मला सांगायचं सोडून खिशातला खिळा मारला.” मग तो हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. “म्हंजे माजी चूक न्हवती. मला वाटायचं, माजंच कायतरी चुकलं आसंल. येवढी वर्सं वाटायचं.”

“आबा, गावाला सांगू.”

“कोन ऐकतंय? अन् खिळ्यावर काय त्याचं नाव हाय? मला कळलं, बास झालं.”

सोपानचं बास झालं होतं. प्रज्ञाचं तेव्हा कुठं सुरू झालं. बाप स्वतःवरच संशय घेत जगला, हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं खिळा उचलला आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

बोट तयार होत आली. पाण्यात सोडायला तिनं बुद्धपौर्णिमा धरली. आदल्या शुक्रवारी ती मोटर आणायला राजूरला गेली, तर तिच्या मोटरीशेजारी दुसरी एक जुनी मोटर उभी, आणि दुकानासमोर अजिनाथ. गळ्यात साखळी, पायात पांढरे बूट.

“काय गं, सोपानदादाची लेक न्हवं तू? बोट नीट केलीस म्हनं.” तो दात काढून म्हणाला. “मग आता कोंबड्यांनी कुठं जायचं गरिबांनी?”

दुकानातले दोघंतिघं हसले. “बापाला म्हनावं, पाण्यात उतरताना निदान सकाळची तरी घिऊ नगंस,” असं वर सांगून तो चहाला गेला. लालमहंमदला हसू आलं नाही. हात धुऊन त्यानं टोपी घातली.

“दोन्ही मोटरी तयार हायेत. मी नमाजला जाऊन येतो. जरा दुकानावर नजर ठेव.”

एवढा विश्वास कुणी टाकला की माणसाचं भलं होतं म्हणतात, पण प्रज्ञाला त्या घटकेला भलं नको होतं. तिनं अजिनाथच्या मोटरीचा पंखा काढला, पितळेची पिन ठोकून पाडली आणि ओढणीची गाठ सोडली. खिळा जागच्या जागी बसला, कुठं खळखळ नाही की काही नाही. नट आवळून तिनं बोटं फडक्याला पुसली. लाज वगैरे काही वाटली नाही. पंगतीत पोटभर जेवून उठल्यावर वाटतं तसं वाटलं. ज्याचं त्याला परत दिलं, यात पाप कसलं? मोटर दुरुस्त झाली की आधी रिकामी बोट फिरवून बघायची, मग माणसं बसवायची, हा आबांचा नेम तिनं लहानपणापासून पाहिला होता. अजिनाथ एकटाच जाईल, एकटाच मध्यावर अडकेल, काठावरून सगळा गाव बघेल. एवढा हिशेब तिनं केला होता. आपण अजिनाथला आबांच्या मापानं मोजतोय, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

पौर्णिमेला धरण खाली गेलेलं होतं. बुडालेल्या शेतांचे बांध, तोडलेल्या झाडांचे खुंट पाण्याच्या वर, आणि त्याहून जास्त पाण्याखाली. विहारातली मंडळी पांढऱ्या कपड्यांत काठावर आली होती, लालमहंमदही आला होता. सोपान आला तो सगळ्यांच्या मागं उभा राहिला. ‘प्रज्ञा’ पाण्यात सोडली, मोटर दुसऱ्या झटक्याला लागली, आणि बनाबाईनं पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात पलीकडं अजिनाथनं आपली बोट काढली, राजूरहून आणलेली तीच मोटर लावून. तीत नाशिकचं एक कुटुंब बसत होतं. नवरा, बायको, दोन पोरं आणि एक म्हातारी. ही माणसं सकाळी त्याच्याच दुसऱ्या बोटीनं इकडं आली होती, त्यांची गाडी पलीकडच्या काठाला होती. प्रज्ञानं पाहिलं. हाक मारायची होती. ‘थांबा, उतरा’, दोनच शब्द. पण मारायची म्हणजे का ते सांगावं लागणार. तिनं तोंड उघडलं, आणि अजिनाथनं तिच्याकडं बघून हात हलवला, तसेच दात काढून. तिनं तोंड मिटलं. बोट गेली.

बोट फार लांब गेलीच नाही. खुंटांच्या बाजूला ‘धाड’ असा आवाज आला आणि मग ते किंचाळणं सुरू झालं. मोटर ओरडतेय, बोट जागची हलत नाही. वारा तिला खडकांकडं न्यायला लागला. पोरं रडायला लागली. काठावर कुणाला काय करावं सुचेना.

सोपान गर्दीतून पुढं आला, पायजमा भिजवत पाण्यात शिरला आणि ‘प्रज्ञा’त चढला. मोटरीचा सुकाणूचा दांडा त्यानं असा धरला, जणू कालच सोडला होता. “चढ, दोर घे,” तो लेकीला म्हणाला. खडकापासून दोन हातांवर तिनं दोर फेकला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा अजिनाथनं झेलला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

काठाला लागताच गर्दी अजिनाथवर धावली. “पिऊन चालवतो! लेकराबाळांना मारशील!” कुणी तरी त्याची कॉलर धरली. हेच तर हवं होतं. अगदी हेच, त्याच काठावर, त्याच शब्दांत. प्रज्ञाच्या अंगावर काटा आला तो आनंदाचा.

“सोडा त्याला,” सोपान म्हणाला. तो अजिनाथच्या अगदी तोंडाजवळ गेला, श्वास घेतला. “ह्यानं प्यायलेली न्हाई.”

“मग काय झालं?” कुणीतरी विचारलं.

“लालमहंमदला इचारा!” अजिनाथ ओरडला. “त्यानंच केली मोटर! त्यानंच वाट लावली!”

लालमहंमद खाली बसला. पंखा काढला, पिन ठोकली. हातावर पडलेला खिळा त्यानं पाहिला आणि सावकाश मान वर करून प्रज्ञाकडं बघितलं. नमाजला जाताना दुकान हिच्या भरवशावर सोडलं होतं, ते त्याला आठवलं असणार. अजिनाथनंही खिळा पाहिला, आणि त्याचं ओरडणं एकदम बंद झालं. हा खिळा कुठून आला हे विचारलं, तर आधी कुठं होता हेही निघणार होतं.

“लोखंडाचा खिळा मारलाय म्हाताऱ्यानं!” गर्दीतून कुणी म्हणालं. “असल्या मिस्त्रीचं दुकान बंद करायला पायजे.”

सोपान लेकीकडं बघत होता. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

“सांग,” तो म्हणाला.

प्रज्ञानं लालमहंमदच्या हातातून खिळा घेतला. “चाचांचा काय संबंध न्हाई,” ती म्हणाली. आवाज फाटला, तशी पुन्हा मोठ्यानं म्हणाली, “ह्यो खिळा दोनदा बसलाय. पयल्यांदा आबांच्या मोटरीत बसला, तो ह्या अजिनाथनं बसवला, आबांना न सांगता. मोटर खिळ्यानं मेली, दारूनं न्हाई. आबांनी कधीच प्यायली न्हवती. इचारा त्याला, खोटं हाय का?”

सगळे अजिनाथकडं बघायला लागले. त्यानं मान खाली घातली, आणि सोपानच्या नावावरचा डाग तिथल्या तिथं धुतला गेला. विहारातल्या बायका हुंदके द्यायला लागल्या.

“आन् दुसऱ्यांदा?” लालमहंमदनं विचारलं.

“दुसऱ्यांदा मी बसवला. तुमी नमाजला गेल्यावर. ही माणसं बोटीत चढताना मी बघत हुते, तरी बोलले न्हाई.”

नाशिकची बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती. तिनं पोर सासूकडं दिलं, पुढं आली आणि प्रज्ञाच्या थोबाडीत मारली. कुणी मधे पडलं नाही. सोपानही नाही. मग ती बाई त्याच्याकडं वळली. “काका, आमची गाडी पलीकडं आहे. तुम्ही सोडाल का आम्हाला?”

सोपाननं एकेकाला हात देऊन बोटीत बसवलं, म्हातारीला मधे, पोरांना तिच्या दोन बाजूंना. प्रज्ञा सवयीनं दोर सोडायला पुढं झाली.

“तू थांब हितंच,” तो म्हणाला.

बोट निघाली. कुशीवरची निळी अक्षरं बराच वेळ दिसत होती. सोपान खुंट चुकवत सावकाश नेत होता, आणि काठावरचे सगळे त्याच्याकडं बघत पुढं सरकले. प्रज्ञा आहे तिथंच राहिली. थोड्या वेळानं तिनं बाजूला पाहिलं. तिच्या आणि अजिनाथच्या आसपास कुणी उभं राहिलं नव्हतं.