पुरे म्हणायची वेळ

दिगंबरराव परचुऱ्यांच्या घराची गच्ची गळत होती, आणि ती का गळते हे सबंध भवानीपुरात त्यांच्याइतकं कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांची उभी नोकरी कलकत्त्यात गेली होती. लोकांच्या गच्च्यांवर उभं राहून, भेगेत काडी घालून, ‘इथून जातंय पाणी’ असं सांगण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते.

त्यांच्या घराची वरची अर्धी गच्ची आधी ओतलेली, अर्धी लढाई सुरू झाल्यावर. वेगवेगळ्या वर्षी ओतलेलं काँक्रीट शेजारी शेजारी बसतं, पण एक होत नाही. उन्हाळ्यात दोन्ही तुकडे फुगतात, थंडीत आकसतात, आणि मधला सांधा रोज थोडा उघडतो, थोडा मिटतो. त्यात नुसतं सिमेंट भरणं म्हणजे रांगत्या पोराला तंग अंगरखा शिवण्यासारखंच. दोन दिवस बसतो, तिसऱ्या दिवशी उसवतो. सांध्यात भरायचं ते डांबर आणि वाळू, कारण डांबर ताणलं जातं. आणि वरून सगळ्या गच्चीवर चुन्याचा कोबा.

हे सगळं माहीत असून त्यांनी दोन पावसाळे काढले होते. खालच्या मजल्यावर ते एकटेच राहत. पत्नी सरलाबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी इंदूरला दिलेली. वर बँकेतले चौबळ भाडेकरू होते. बदलीची माणसं, अर्ध्या ट्रंका न उघडलेल्याच. चौबळ सकाळी जात ते दिवेलागणीला येत. त्यांची बायको लीना बाळ झाल्यापासून जिना फारसा उतरत नसे.

त्या चैत्रात मात्र ती उतरली.

“काका, वळवाच्या सरी आल्यापासून पाळणा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवतेय मी,” ती म्हणाली. “आता कोपरे संपले.”

“यंदा करून घेतो.”

“गेल्या वर्षीही करून घेणार होतात.”

“गेल्या वर्षी तुझं बाळ नव्हतं.”

लीना हसली, पण लगेच म्हणाली, “हे म्हणतात, बालीगंजला बँकेची एक जागा रिकामी होतेय. मी म्हटलं, पावसापर्यंत थांबू या. काका गच्ची करणार आहेत.”

 दुसऱ्या दिवशी दिगंबररावांनी पोस्टातल्या शिल्लकेतून पैसे काढले आणि गोष्ठो मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

गोष्ठोने गच्ची पावलांनी मोजली आणि डोकं खाजवलं. “डांबराचं काय, बाबू. खर्च आहे तो हातांचा.”

ते खरंच होतं. विटांचे खडे, सुरखी म्हणजे विटांची पूड आणि चुना टॉलीच्या नाल्यातून होडीने येत. ते कालवून, कुजवलेल्या गुळाचं आणि बेलफळाचं पाणी शिंपडून गच्चीवर पसरायचं, आणि मग लाकडी थाप्यांनी कुटायचं. एका दिवसात नाही, सलग कितीतरी दिवस. चुना घाई सोसत नाही. आणि कुटणाऱ्या बाया ओळीने बसून गात गात कुटतात. गाणं थांबलं की थाप्यांचा ताल मोडतो आणि कोबा खालीवर होतो. म्हणून गच्चीच्या खर्चात गाणंही धरलेलं असतं.

बाया आल्या. त्यांची म्होरकी सोनामोनी, उन्हाने रापलेली, पुढचा एक दात पडलेली. ती गाण्याची ओळ टाकायची, बाकीच्या उचलायच्या. पहिल्या दिवशी छत्री घेऊन दिगंबरराव एका कडेला बसले, ते काम बघायला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातली मोठी कळशी धुऊन ताक केलं. तिसऱ्या दिवशी सोनामोनीने त्यांच्यावरच ओळ रचली. बाबूच्या घरी डाळ शिजते, मीठ चाखायला माणूस नाही. बाया हसल्या, आणि दिगंबररावही हसले.

“तुमच्या देशात याला काय म्हणतात?” सोनामोनीने थापीने गच्ची दाखवत विचारलं.

“कोबा.”

“कोबा,” तिने जिभेवर घोळवलं. “छान आहे. कुटल्यासारखाच शब्द.”

दुपारी त्या जिन्याच्या सावलीत मुडी म्हणजे कुरमुरे आणि गूळ खायला बसत. दिगंबरराव त्यांना विचारीत, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची गाय व्याली. त्यांना उत्तरं मिळत, आणि उलट प्रश्नही. तुम्ही एकटे का, बाबू? मुलगी येत नाही? स्वतःच्या हाताने स्वयंपाक करता? इतके प्रश्न त्यांना कित्येक वर्षांत कोणी विचारले नव्हते. संध्याकाळी बाया गेल्या तरी त्यांच्या कानात थाप्या चालूच असत, आणि जेवताना ताटावर बोटांनी तोच ताल धरला जाई. वर लीनाचं बाळही त्या आवाजात गाढ झोपायला लागलं होतं.

मग एका दिवशी, उन्हं कलताना, सोनामोनीने हात थांबवला. ओळ थांबली. तिने एकटीने थापी मारली. आधी कोबा थापी गिळत असे, धप्प. आता थापी उडाली, आणि आवाज आला टण्ण.

“वाजायला लागलं, बाबू.”

दिगंबररावांनी थापी घेऊन मारून पाहिली. चांगली वाजली. दुसरीकडे मारली, तिथेही वाजली. पुरे म्हणायची वेळ झाली होती. बाया पदर सावरून उठायच्या बेतात होत्या, आणि त्यांच्यामागे जिना, जिन्याखाली आपलं दार, दारात एकच चपलांचा जोड, हे सगळं त्यांना दिसलं.

“कडेला अजून ओल वाटते,” ते म्हणाले. “उद्या आणखी कुटा.”

सोनामोनीने त्यांच्याकडे पाहिलं. “बाबू म्हणतात, तर उद्या.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, गायल्या, ताक प्याल्या. दिगंबरराव छत्रीखाली बसून होते, पण नजर गच्चीकडे नव्हती. दही लागल्यावर त्यात डाव घातला तर काय होतं, हे घराघरातल्या बायकांना कळतं. लागलेला चुनाही तसाच. एकदा धरला की त्याला हात लावायचा नाही. त्यानंतरही कुटलं तर आतून तुटतो. याच कारणावरून त्यांनी हाताखालच्या माणसांना कितीदा झापलं होतं.

कोब्यावर पेंढा अंथरून पाणी मारलं. आठवडाभराने गोष्ठोने पेंढा उचलला, आणि खाली बारीक भेगांचं जाळं निघालं. टाचेला पडतात तशा भेगा, सांध्यापाशी जरा मोठ्या.

गोष्ठोने गावभर ऐकू जाईल असा आवाज लावला. “बायांनी अंग चोरलंय. नुसतं गाणं म्हटलं, कुटलं नाही. त्यांची उरलेली मजुरी मी देणार नाही.”

सोनामोनी त्याच मजुरीसाठी आली होती.  लीना बाळाला खांद्यावर घेऊन गच्चीच्या दारात उभी होती.

“म्हणजे गळणारच, काका?”

गप्प राहणं सोपं होतं. गोष्ठोने दोष ठेवलाच होता, आणि ओव्हरसियरकडे संशयाने कोण बघणार होतं? दिगंबररावांनी भेगेवर बोट फिरवलं. मग ते उभे राहिले.

“बायांनी चोख कुटलंय. कोबा वाजायला लागला, तेव्हा त्यांनी हात थांबवला होता. मी आणखी एक दिवस कुटायला लावलं.”

गोष्ठोला ते कळेना. “पण बाबू, तुम्ही तर…”

“हो. मला माहीत होतं. यांची मजुरी दे. वरचा थर काढून पुन्हा करू. खर्च माझा.”

गोष्ठो पुटपुटत मजुरी मोजायला लागला. लीनाने हळू आवाजात मराठीत विचारलं, “माहीत होतं, तर का केलंत?”

 “घरात आवाज होता, गं,” दिगंबरराव म्हणाले.

 लीनाला रागावायचं होतं आणि रागावता येत नव्हतं. “ह्यांना सांगते, पावसापर्यंत बघू,” एवढं बोलून ती आत गेली. दार तिने आपटलं नाही. पण लावून घेतलं.

पुन्हा चुना आला, सुरखी आली, बाया आल्या. पोस्टातलं उरलंसुरलंही संपलं. या खेपेला दिगंबरराव छत्री घेऊन वर बसले नाहीत. ताकाची कळशी जिन्यावर ठेवून ते खाली येत. वरून गाणं ऐकू येई. त्यात नवऱ्यावर ओळी होत्या, सासूवर होत्या, गोष्ठोच्या पोटावर होत्या. बाबूवर एकही नव्हती. दुपारी बोलणं कानावर पडे, पण शब्द लागत नसत.

एका दुपारी खाटेवर पडल्या पडल्या त्यांना ऐकू आलं. आवाज बदलला होता. ते उठले, कठड्याला धरून जिना चढले. ऊन डोळ्यांवर येत होतं. बाया कुटतच होत्या. सोनामोनी मात्र थापी उचलून धरून त्यांच्याकडे बघत होती. यावेळी ती स्वतःहून काही म्हणणार नव्हती.

दिगंबरराव वाकले. गुडघा कुरकुरला. त्यांनी तळहात कोब्यावर टेकला, मग थापी मागून घेऊन तीन ठिकाणी मारली. सांध्यावर जरा जास्त वेळ कान दिला.

“पुरे,” ते म्हणाले.

ओळ थांबली. बायांनी थाप्या एकमेकींवर आपटून चुना झाडला, गाठोडी बांधली. सोनामोनीने जाताना त्यांच्याकडे पाहून मान हलवली आणि ती जिना उतरली. पायांचे आवाज एकामागून एक खाली गेले, अंगणातून गेले, गल्लीच्या वळणावर विरले.

कोबा सुकू द्यायचा नव्हता. दिगंबररावांनी हौदातून बादली भरून आणली आणि तांब्याने सावकाश पाणी शिंपायला सुरुवात केली. गच्चीखालच्या खोलीत एकाएकी शांतता झाल्याने लीनाचं बाळ दचकून जागं झालं आणि रडायला लागलं. लीना त्याला थोपटत काही गुणगुणत होती. शब्द कळत नव्हते, पण मराठी होते. दिगंबररावांनी तांब्या बादलीत आवाज न करता बुडवला आणि ओल्या गच्चीवर अनवाणी उभं राहून ते ऐकत राहिले.