पाव फेरा

सोमवारी माझी प्राध्यापकपदाची मुलाखत होती आणि शनिवारी सकाळी मी पेढे घेऊन मलकापूर रस्त्यावरच्या साखर कारखान्याकडं निघाले. शहाण्या बाईनं घरी बसून तयारी केली असती. पण माझा पेपर एका मोठ्या नियतकालिकानं स्वीकारला होता आणि ज्यांच्या चुना सोडायच्या स्टेशनवर मी गेला अख्खा हंगाम काढला, त्या आकारामदादांना पेढा दिल्याशिवाय मला चैन पडेना.

काम थोडक्यात सांगते; इरावती मॅडम सुरू झाल्या की थांबत नाहीत, अशी आमच्या कॉलेजात माझी ख्याती आहे. उसाच्या रसात चुन्याचं पाणी सोडून तो निवळतात. चुना कमी पडला तर साखर नासते, जास्त झाला तर रस काळपटतो. रसाचा पीएच सातच्या आसपास राहायला हवा. गोची अशी, की चुना आत्ता सोडायचा आणि परिणाम दोन मिनिटांनी कळायचा, तोवर रसच बदललेला. चुन्याची झडप स्वतः शिकत शिकत सांभाळणारा कंट्रोलर बनवण्यात माझी अकरा वर्षं गेली. गेल्या हंगामात तो इथं अठरा दिवस चालला आणि आलेख पट्टीनं ओढल्यासारखा सरळ आला. त्याच आलेखावर पेपर उभा होता आणि पेपरवर सोमवार.

पेपरचं आणि सोमवारचं ऐकून दादांनी पेढा तोंडात टाकला. "झ्याक झालं बघा म्याडम. पहिल्या दिवशी मला वाटलंतं, बाईंचं काय खरं न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी तुमचं मशीन जरा मागं पडायचं की. नवा ऊस आला की घोटाळायचं. मग मी आपला हितनं पाव फेरा द्यायचा." त्यांनी बाजूच्या जुन्या नळीवरच्या हातचाकावर थाप मारली.

ती नळी मी पहिल्या दिवशी स्वतः बंद केली होती. नंतर तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिच्यातून किती चुना जातो, हे माझं एकही उपकरण मोजत नव्हतं.

"दादा, किती वेळा?"

"रोज की. माझी सुट्टी असली तर बदलीवरच्या यशराजला सांगून जायचो, बाईंच्या मशीनकडं बघ म्हणून."

बाहेर जाऊन मी विभागप्रमुख विजयसिंह सरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "हे तुला कुणी लेखी दिलंय का? मग ऐकलंच नाहीस समज. सोमवारनंतर बघू."

खरं सांगते, मला ते पटलं. पाच मिनिटं तर अगदी मनापासून पटलं. मग वाटलं, दादा थोडं वाढवून सांगत असतील. कंट्रोलर अजून चालूच होता. मी परत आत गेले.

"दादा, हे चाक पूर्ण बंद करा. आता एक तास हात लावायचा नाही."

"बघा बरं का," म्हणत त्यांनी चाक आवळलं आणि हात पाठीमागं बांधून ते उभे राहिले.

सात पूर्णांक एक. सात. सात पूर्णांक एक. वीस मिनिटं गेली आणि माझ्या जिवात जीव आला. मग चरकाकडं ऊस नेणाऱ्या गव्हाणीत नवा ऊस पडला. सहा पूर्णांक आठ. सहा पूर्णांक पाच. सहा पूर्णांक दोन. माझा कंट्रोलर दोन मिनिटांपूर्वीच्या रसाचा विचार करत बसला होता. मग एकदम जाग आल्यासारखं त्यानं चुना ओतला आणि आकडा आठच्या वर गेला. नमुन्याच्या नळीतला रस कडक चहासारखा दिसायला लागला. आकडा पुन्हा घसरू लागला. अजून थोडं थांबावं, शिकेल तो, असं मी मनातल्या मनात त्याला विनवत होते. दादा या पायावरून त्या पायावर होत होते.

"म्याडम, रस जातुय."

मी पडद्याकडं बघितलं. सहा पूर्णांक तीन.

"फिरवा," मी म्हणाले.

शब्द पुरा व्हायच्या आत त्यांनी पाव फेरा दिला, नळीला हात लावून अंदाज घेतला, किंचित मागं घेतला. थोड्या वेळानं पडद्यावर सात आलं.

"का केलंत असं, दादा?"

"पावण्या बाईचं काम आमच्या स्टेशनवर बिघडलं तर लाज आमचीच की. तुमी घरी येऊन जेवून गेल्तासा." मग सहज बोलल्यासारखे म्हणाले, "आता एक तारखेपासनं हितं माणूस न्हाय. तुमच्या मशीनचा रिपोर्ट सायबांनी पास केला न्हवं. मला वजनकाट्यावर टाकलंय."

"हे असं होणार, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"व्हय की. सायबांनी पहिल्याच दिवशी सांगितलंतं."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिथल्याच स्टुलावर बसून मी फोनवरच संपादकांना पत्र लिहिलं: निष्कर्ष चुकीचे आहेत, पेपर मागे घेते. दुसरं कारखान्याच्या व्यवस्थापकांना: या स्टेशनवर माणूस लागेल. पाठवल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही.

काय लिहिलं ते मी दादांना वाचून दाखवलं.

"म्हंजी सोमवारची तुमची परीक्षा?"

"गेलीच म्हणायची."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आन् मी कशाला बोलून बसलो!" मी त्यांचं लक्ष दुसऱ्या पत्राकडं वळवत होते, पण आपली जागा राहिली हे त्यांच्या कानात शिरलंच नव्हतं.