माझ्या पोटातला एक पौंड

मी एक लोखंडी गोळा. बोलायला मला तोंड नाही, आणि जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा ते नव्हतं याचीच ही सगळी हकीकत आहे. टेक्सासमधल्या शुगर लँडला, प्रल्हाद नावाच्या एका मराठी माणसाच्या गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांच्या मागे मी पडून असतो. पाच वर्षं या घरात राहून मी मराठी शिकलो, म्हणून तुमच्याशी तरी बोलता येतंय.

माझा आकार पेरूसारखा, डोक्यावर कडी. कापूस तोलायच्या लांब दांड्याच्या काट्यावर मला अडकवायचे. दांड्याच्या एका टोकाला हुक, त्याला कापसाचं गाठोडं, आणि दुसऱ्या बाजूला मी. दांडा आडवा होईपर्यंत मला पुढेमागे सरकवायचं आणि मी जिथे थांबेन तिथला आकडा वाचायचा, एवढंच काम. ओतशाळेत माझ्या खांद्यावर चाराचा आकडा ठोकला होता. मी बरोबर चार पौंडांचा होतो आणि त्याचा मला मोठा अभिमान होता.

तो अभिमान कर्नलने उतरवला. हा कर्नल इथला मळेवाला. गुलामगिरी संपल्याचा हुकूम आला, आणि ज्यांना तो कालपर्यंत फुकट राबवत होता त्यांच्याशी त्याला करार करावा लागला. पिकलेल्या कापसाचा तिसरा हिस्सा राबणाऱ्यांचा, असं कागदावर ठरलं. त्याच आठवड्यात त्याने मला लोहाराकडे नेलं, आणि माझ्या बुडाला ओतशाळेपासूनच जी पोकळी होती तिच्यात एक पौंड शिसं ओतून घेतलं. वर माती फासली की काही दिसायचं नाही.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! मी जड झालो की कापूस हलका भरतो. शंभर पौंडांचं गाठोडं टांगलं की दांडा ऐंशीवरच आडवा व्हायचा. दोन वर्षं मी हे केलं. माणसं उन्हात वाकून वाकून कापूस वेचायची, बोटं फाटायची, आणि संध्याकाळी माझ्यापाशी येऊन त्यातला पाचवा भाग हवेत जायचा. मला सगळं कळत होतं. मी गप्प सरकत होतो.

कॅटो टॉलिव्हरला संशय आला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्याच्या खांद्याला वजन कळायचं. "हे शंभराच्या खाली नाही," तो म्हणायचा, आणि कारकून हसायचा. एका दुपारी सगळे जेवायला बसले असताना कॅटोने मला उलटं केलं, माती खरवडली आणि त्याला शिसं दिसलं. त्याने खिशातून खिळा काढला आणि त्या मऊ शिशावर आपली खूण कोरली. करारावर सहीच्या जागी त्याने जी काढली होती तीच. एक फुली, आणि तिच्या डाव्या पायाला एक छोटी आडवी रेघ. बाकी सगळे नुसती फुली काढत. याने आपली फुली वेगळी दिसावी म्हणून ती रेघ जोडली होती.

मला तेव्हा कसं वाटलं सांगू? एखाद्याने आपली चोरी पकडावी आणि आपल्याला सुटल्यासारखं व्हावं, तसं.

मग तो अकरा मैल चालत गेला. मुक्त झालेल्या लोकांच्या तक्रारी ऐकायला सरकारने एक साहेब नेमला होता, त्याच्याकडे तक्रार नोंदवली. तक्रारीची बातमी साहेबाच्या आधी कर्नलपर्यंत पोचली. त्याने दुसरा, खरा गोळा काट्यावर टांगला आणि मला काट्याच्या खोपटामागे हातभर खोल पुरलं. मातीतून मला आवाज येत होते. साहेब म्हणाला, "वजन तर बरोबर आहे." कॅटो ओरडून म्हणाला, "हा तो गोळा नाही! त्याच्या पोटावर माझी खूण आहे!" साहेब म्हणाला, "मग तो आण."

मी चार पावलांवर होतो. त्यानंतर माझ्यावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ माती होती.

२००३ साली प्रल्हादने मला बाहेर काढलं. तेलाच्या कंपनीतला इंजिनिअर, मूळ नागपूरचा, पण इथे येऊन शेवग्याच्या शेंगांसाठी जीव टाकणारा. मळ्याच्या जमिनीवर आता एकसारख्या विटांच्या घरांची कॉलनी झाली होती. मागच्या अंगणात शेवगा लावायला तो खड्डा खणत होता, आणि फावड्याला मी लागलो. त्याची बायको मीनाक्षी म्हणाली, "अहो, टाकू नका, मला चक्क्यावर ठेवायला जड काहीतरी हवंच होतं."

तर असा मी स्वयंपाकघरात आलो. दही फडक्यात बांधायचं, वर ताटली, ताटलीवर मी. पाणी निथळलं की चक्का, चक्क्याचं श्रीखंड. या घरात माणसं खूप यायची, कुणी पुण्याचं, कुणी मुंबईचं, आणि सगळे म्हणायचे, "काकू, श्रीखंड एकदम घट्ट झालंय हं!" मला बरं वाटायचं. पोटातलं शिसं मातीखाली झाकलेलं होतं, ते मी जवळजवळ विसरलो होतो.

त्यांची मुलगी हिमानी हायस्कूलमध्ये होती आणि दर शनिवारी लायब्ररीत मदतीला जायची. तिथे तिला अर्नेस्टीन टॉलिव्हर भेटल्या. सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. कॅटो त्यांच्या पणजोबांचा बाप. त्यांच्याकडे जुन्या सरकारी कागदांच्या प्रती होत्या. करार, तक्रार, आणि तक्रारीखालचा शेरा, 'सिद्ध झाली नाही.' खोटी तक्रार केली म्हणून कॅटोला कैद्यांच्या टोळीत रस्ते करायला जुंपलं होतं आणि तो तिथेच मेला. त्याचं नाव पडलं खोटारडा कॅटो. मळ्याच्या जागेवर आता इतिहासाची पाटी लागणार होती, आणि अर्नेस्टीनबाईंना तिच्यावर एकच ओळ हवी होती, की हा माणूस खरं बोलत होता. पाटी लावणाऱ्या समितीचे लोक म्हणत होते, पुरावा आणा. साहेबाचंच वाक्य, पाच पिढ्यांनंतर.

हिमानी त्यांना म्हणाली, आमच्याकडे अंगणात सापडलेला एक गोळा आहे. बाईंनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी येते, समितीला घेऊन. तोवर आहे तसा राहू दे." खुणेबद्दल त्या मुद्दाम बोलल्या नाहीत. आधी सांगितलं तर उद्या कुणी म्हणायचं, पोरीनेच कोरली. पाच पिढ्या खोटारडे ठरलेल्या घरातलं ते शहाणपण होतं.

हिमानीला त्याच आठवड्यात शाळेच्या बँडबरोबर ऑस्टिनला जायचं होतं. बॅग खांद्यावर टाकत तिने दारातून सांगितलं, "बाबा, मिसेस टॉलिव्हर सॅटर्डेला येणारेत, आपला गोळा बघायला. इट्स हिस्टॉरिक. डोन्ट टच इट, ओके?"

"हो गं, हो," प्रल्हाद म्हणाला.

आता पाहुणे येणार, आणि त्यातून आठवडा दसऱ्याचा. खंडेनवमीला प्रल्हाद गॅरेजमधली झाडून सगळी हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडायचा. त्याने मला हातात घेतलं आणि म्हणाला, "मीनू, लोक एवढे बघायला येणार आणि हा असा गंजका? बरं दिसतं का?"

"आणि पूजेतही ठेवू की या वर्षी," मीनाक्षी म्हणाली. "वर्षभर राबतोय बिचारा."

'डोन्ट टच इट' म्हणजे हरवू नका, कुणाला देऊ नका, असंच त्यांना वाटलं असणार. घासू नका, असं कुणी कुणाला सांगतं का? मी त्यांना दोष देत नाही. मी फक्त ओरडत होतो, जमेल तेवढं, म्हणजे अजिबात नाही.

तारेच्या ब्रशने माती पडली. करडा, मऊ धातू दिसला. प्रल्हादने नख रुतवून बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. "मीनू! हे लेड आहे गं!"

"म्हणजे?"

"शिसं! विष असतं ते!"

"अहो, याच्याखाली चक्का ठेवते मी वर्षभर! मुलीने खाल्लंय, देशपांड्यांचं बाळ चाटायचं!" मीनाक्षी रडकुंडीला आली. "आत्ताच्या आत्ता काढा ते."

प्रल्हादने मला ड्राइव्हवेवर नेलं, तोंडाला मास्क लावला, धातू वितळवायची गॅसची टॉर्च पेटवली. क्षणभर थांबला. "काहीतरी खरडलंय इथे. फुलीसारखं." मी जीव एकवटून त्याच्याकडे बघत होतो. "असेल काहीतरी," तो म्हणाला.

फुली आधी चमकली. मग रेघ गेली, ती डाव्या पायाची छोटी रेघ. मग सगळंच एक थेंब झालं आणि कॉफीच्या डब्यात गळून पडलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता, नियमाप्रमाणे, तो तो डबा विषारी कचऱ्याच्या केंद्रावर देऊन आला.

खंडेनवमीला मी चौरंगावर होतो. ड्रिल, लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, आणि मधोमध मी. मला हळद लागली, कुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्यापुढे हात जोडले. असं वाटत होतं की जमीन फाटावी आणि मी परत खाली जावं.

शनिवारी अर्नेस्टीनबाई आल्या, बरोबर समितीचे दोघे. मी चांदीच्या ताटात, खोबरेल तेलाने चकचकीत. बाईंनी दोन्ही हातांनी मला उचललं, उलटं केलं, आणि माझ्या रिकाम्या पोटात बघत राहिल्या.

"इथे काय होतं?"

"लेड होतं, मॅम," प्रल्हाद उत्साहाने म्हणाला. "मी सगळं काढून टाकलं. आता एकदम प्युअर आहे."

बाईंनी पिशवीतून कराराची प्रत काढून टेबलावर ठेवली. प्रल्हादने खालची खूण बघितली. तो खुर्चीवर बसलाच. "हीच," तो म्हणाला. "हीच होती. मी बघितली."

"फोटो?" समितीतल्या एकाने विचारलं.

"नाही."

"तो धातू कुठे आहे?"

"वितळवून कचऱ्याच्या केंद्रावर देऊन आलो," प्रल्हाद म्हणाला. त्या माणसाने स्वयंपाकघरातल्या काट्यावर मला ठेवलं. बरोबर चार पौंड. "आय ॲम सॉरी," तो बाईंना म्हणाला, "पण पोटात एक पोकळी आहे, एवढंच म्हणता येतं. वजन तर खरंच आहे."

ऐकलंत? दोन वर्षं मी खोटा होतो तेव्हा कॅटोशिवाय मला कुणी पकडलं नाही. मी खरा झालो, आणि त्याच आठवड्यात कॅटो पुन्हा खोटा ठरला.

हिमानी जिन्यावर उभी होती. "आय टोल्ड यू, बाबा," एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली. मीनाक्षी श्रीखंडाच्या वाट्या घेऊन आली होती, त्या तिने परत आत नेल्या. मग प्रल्हादने मला उचलून बाईंपुढे धरलं. "मॅम, हा तुमचाच आहे. प्लीज, तुम्ही न्या."

बाईंनी मला हात लावला नाही. "मी त्या एका पौंडासाठी आले होते," त्या म्हणाल्या. "हे चार तुम्हीच ठेवा."

प्रल्हादने समितीला तीन पत्रं लिहिली, आपण स्वतः खूण पाहिली म्हणून. ती फाइलला लागली. २००६ साली पाटी लागली. तिच्यावर कॅटोचं नाव आहे, आणि पुढे लिहिलंय, 'आरोप सिद्ध झाला नाही.' त्यानंतर प्रल्हादने खंडेनवमीला हत्यारं मांडली नाहीत.

या वर्षी, २००८च्या मार्चमध्ये, अर्नेस्टीनबाई गेल्या. हिमानी कॉलेजमधून ड्राइव्ह करून आली, अंत्यविधीला जाऊन आली आणि काळ्या कपड्यांतच गॅरेजमध्ये जमिनीवर बसली. तिने मला डब्यांमागून काढलं, मांडीवर उलटं धरलं आणि एक खिळा उचलला. माझ्या पोकळीत तिने खिळ्याचं टोक टेकवलं. फुलीची सुरुवात होईल इतपत दाबलं.

मग तिच्याच लक्षात आलं. आता कोरलेली फुली खोटी असती. पाच पिढ्यांत त्या घराने केलेलं पहिलं खोटं, आणि तेही दुसऱ्याच कुणी केलेलं. तिने खिळा ठेवून दिला, मला जागेवर ठेवलं आणि दिवा मालवून गेली.

कधी कुठे एखादा राबणारा माणूस म्हणाला की काटा चुकतोय, तर पुरावा आण म्हणण्याआधी वाकून माझ्यासारख्याला उलटं करून बघा. तेवढंच मागणं आहे, आणि ते मी फार उशिरा मागतोय. मी आता बरोबर चार पौंडांचा आहे. कुणीही तोलून घ्यावं. इतका खरा मी आयुष्यात कधी नव्हतो, आणि कॅटोला त्याचा काही उपयोग नाही.