बांडी आली नाही

तंबू तिसऱ्यांदा पडला तेव्हा रविराज आतच होता. निळ्या कापडाखाली त्याचे हातपाय वळवळत होते आणि आतून आवाज येत होता, "आई, वरची दांडी धर. वरची."

सरुबाई हातातली परात खाली न ठेवता म्हणाली, "कंची वरची? हितं समद्या आडव्याच हायती."

सोनबाने बसल्या जागेवरून हा तमाशा बराच वेळ पाहिला. मग तो सावकाश उठला आणि टेम्पोच्या तळाशी गुंडाळून ठेवलेलं आपलं जुनं पाल ओढून काढलं. दोन काठ्या, चार खुंट्या, एक दोर. रविराज कापडातून डोकं बाहेर काढेपर्यंत पाल उभं राहिलं होतं आणि सोनबा त्यात बसून तंबाखू मळत होता. शेजारी पुण्याहून आलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पुण्याहून आणलेला तंबू पुण्याच्या लोकांसमोर पडावा याचं रविराजला फार वाईट वाटलं.

सत्त्याण्णव सालचा जानेवारी होता. पुण्याच्या कुठल्याशा मोटार क्लबाने अंथुर्ण्याच्या माळावर दोन दिवसांची शर्यत ठेवली होती. वेगाची कमी आणि टिकावाची जास्त. कालव्याची वाट, मुरमाचे चढ आणि मोकळा माळ असा पंचवीस किलोमीटरचा फेरा. दोन-दोन मिनिटांनी एकेक गाडी सोडायची, सगळ्या मैदानावर परत आल्या की पुढचा फेरा. रविवारी संध्याकाळी जी गाडी धड असेल ती जिंकणार. वालचंदनगरला कंपनीत फिटर असलेल्या रविराजच्या अंगात ही शर्यत आठ दिवस आधीपासूनच संचारली होती.

"लोकं तंबू टाकून ऱ्हात्यात आबा, शर्यत बघाया," त्याने बापाला सांगितलं होतं. "परदेशात तर चार-चार दिवस माळावर."

"मग आमी काय येगळं केलं?" सरुबाई म्हणाली होती. "निम्मं आयुष्य माळावर काढलं. आमाला बघाया कुनी आलं न्हाय."

तिचं खोटं नव्हतं. सोनबा मिसरूड फुटायच्या आधीपासून मेंढरांमागे होता. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, असं चाळीस वर्षं चाललं. अलीकडे गुडघे बोलू लागल्यावर तो गावच्या माळावरच मेंढरं राखायचा. रविराजने दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं तेव्हा सरुबाईने पालाला हात जोडले आणि ते माळ्यावर टाकून दिलं. आता पुन्हा तेच पाल, तेच तीन दगड, तोच धूर. पण धुरात बसल्यावर ती पूर्वीसारखी गुणगुणू लागली हे सोनबाच्या लक्षात आलं. तो काही बोलला नाही. बोलला असता तर ती थांबली असती.

खरं तर सोनबा हल्ली फार बोलतच नसे. गेल्या दिवाळीत त्याची मेंढरं विकली गेली आणि त्याला कारण त्याचंच मोजणं झालं. एका सकाळी वाघरीतून, म्हणजे जाळ्याच्या कुंपणातून, मेंढरं बाहेर सोडताना तो म्हणाला होता, "तीन इसा आन् एक पायजे. एक कमी हाय. बांडी न्हाय." बांडी म्हणजे पांढरी, ढुंगणावर काळा डाग असलेली मेंढी. रविराज म्हणाला, "तीन इसाच हुती, आबा. साठ. बांडी गेल्या साली मेली की. इसरलात?" सोनबा दोन दिवस माळ धुंडाळत हिंडला. तिसऱ्या दिवशी रविराजने आईला हळू आवाजात सांगितलं की आबाचं मोजणं सुटलं, आता मेंढरं ठेवण्यात अर्थ नाही. आठवड्यात वडगाव निंबाळकरचा एक व्यापारी येऊन कळप घेऊन गेला.

तेव्हापासून सोनबाला मोजण्याचं वेड लागलं. एसटीच्या खिडक्या, कालव्याकडेचे विजेचे खांब, भोंगा झाल्यावर कंपनीच्या फाटकात शिरणाऱ्या सायकली. सोनबाला जनगणनेचं काम लागलं, असं पारावरचे लोक म्हणत. सोनबाही हसायचा आणि पुन्हा पहिल्या खांबापासून सुरुवात करायचा.

शर्यतीत त्याला मोजायला चांगलं सापडलं. पालाच्या समोरच वळणावर क्लबाची चौकी होती. चौकीवर बारामतीचे हिंदुराव नावाचे निवृत्त सुभेदार छत्रीखाली बसले होते. टेबलावर दुर्बीण, वायरलेस आणि गाड्यांच्या नंबरांचा तक्ता. गाडी गेली की ते तक्त्यावर खूण करून वायरलेसमध्ये ओरडत, "नंबर सतरा पास." त्यांच्यामागे दगडावर बसलेला सोनबा तितक्याच गंभीरपणे म्हणे, "बांडी गेली."

शनिवारी संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्या गाड्यांना मेंढरांची नावं दिली होती. भोरी, ढवळी, कानतुटी. हॉर्न वाजवत सगळ्यांच्या अंगावर जाणारी काळी गाडी म्हणजे मेंढका, टकरा देणारा नर. सुभेदारांना गंमत वाटू लागली.

"आबा, पांढऱ्या जीपा पाच आहेत. सगळ्या धुळीनं माखलेल्या. मला दुर्बिणीतून नंबर दिसेना, तुम्हाला बांडी कशी ओळखू येते?"

"तोंड कशाला बघायचं? चाल बघायची," सोनबा म्हणाला. "ही मागच्या डाव्या पायात मोडती जरा. आन् सकाळी धूळ बसायच्या आदी तिच्या ढुंगनावर काळा डाग हुता."

रविवारी तेवीस गाड्या उरल्या. दुपारच्या फेऱ्याआधी सरुबाईने सुभेदारांना जेवायला बसवलं. वांग्याचं भरीत, ठेचा, दही आणि तव्यावरून थेट ताटात येणारी भाकरी. सैन्यात इतकी वर्षं काढलेला माणूस तीन भाकऱ्यांत गारद झाला. गाड्या सुरू झाल्या तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले होते खरे, पण मान अधूनमधून पुढे कलत होती आणि गाडीच्या, कधी नुसत्या हॉर्नच्या आवाजासरशी हात आपोआप तक्त्यावर पुढच्या नंबराला खूण करत होता.

शेवटची गाडी गेली, धूळ खाली बसली. सोनबाच्या मुठीत विसाचा एक खडा होता आणि दोन बोटं दुमडलेली. त्याने तिसऱ्या बोटाकडे पाहिलं.

"एक कमी हाय," तो म्हणाला. "बांडी आली न्हाय."

सुभेदारांनी तक्ता उचलून दाखवला. "तेवीस खुणा आहेत, आबा. सतराला पण आहे."

"खून आसंल. गाडी आली न्हाय."

पुण्याच्या मंडळींपैकी कुणीतरी फिसकन हसलं. रविराज झटकन पुढे आला. त्याचा चेहरा तंबू पडला तेव्हापेक्षा लाल झाला होता. "आबा, परत त्येच? चार मानसांत बरं दिसतं का? गप बसा जरा."

सरुबाईने चुलीपाशी मान खाली घातली. सोनबा दगडावर बसला. त्याने मूठ उघडून खडा पाहिला, बोटं पुन्हा एकेक करून दुमडली. मेंढका गेला, त्यामागं कानतुटी, त्यामागं बांडी यायची ती ढवळी आली. का बांडी आली आणि आपणच इसरलो? मेंढरं गेली तेव्हा त्याला दुःख झालं होतं. आता त्याला भीती वाटली. खांब मोजून काही उपयोग झाला नाही, डोकं खरंच रिकामं होत चाललंय, असं त्याच्या मनात आलं.

अर्ध्या तासाने वायरलेस खरखरला. मैदानावर बावीसच गाड्या पोचल्या होत्या. सतरा नंबर नव्हता. "तुमच्या चौकीवरून गेला का?"

सुभेदारांनी तक्ता पाहिला. खूण ठळक होती. "गेला. नंबर सतरा पास. ओव्हर."

"म्हणजे तुमच्या पुढं कुठंतरी. शोधायला गाडी पाठवतो."

सोनबा उठून उभा राहिला. "पुढं न्हाय. मागं. हितवर ती आलीच न्हाय." पण त्याच्या आवाजात जोर नव्हता आणि सुभेदारांनी हात हलवला.

"सायब," रविराज म्हणाला, "त्यास्नी मागं शोधाया सांगा."

"कशावरून?"

रविराज बुटाच्या टोकाने मुरूम उकरत होता. मग खाली बघतच म्हणाला, "आबाचं मोजनं चुकत न्हाय."

चुलीपाशी सरुबाईच्या हातातली भाकरी थापता थापता थांबली. गेले तीन महिने हाच मुलगा नेमकं उलटं सांगत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. सोनबा मुलाकडेच बघत होता.

पण उभं राहून बघायला वेळ नव्हता. सोनबाने खांद्यावर घोंगडी टाकली, बाभळीचा पाला तोडायची कुऱ्हाड घेतली आणि शर्यतीची वाट सोडून माळावरून आडवा निघाला. रविराज मागोमाग धावला.

"आबा, पंचवीस किलोमीटरात कुठं बघायचं?"

"मुरमाच्या खानीवर. बाभळीतनं वळन हाय, म्होरचं दिसत न्हाय. माझी चार मेंढरं पडलीती तितं. ह्या गाड्या मेंढरावानीच एकामागं एक पळत्यात."

खाणीच्या काठाशी पोचले तेव्हा खालून भांडण ऐकू आलं. बांडी कुशीवर पडली होती आणि आत पट्ट्यांना लटकलेले दोघे जण नकाशावरून वाद घालत होते.

"मी डावीकडे म्हणालो होतो."

"तू 'डावीकडे बघ' म्हणालास. मी बघितलं."

"काका," वरच्याने सोनबाला पाहून अतिशय सभ्यपणे विचारलं, "जरा पाणी मिळेल का?"

सोनबाने जीपच्या नाकावर कुऱ्हाडीच्या दांड्याने टकटक केलं. "हितं कशाला मराया आलीस गं," तो तिला म्हणाला. पण तोवर रविराजला वास आला होता. पेट्रोल ठिपकत होतं. हसण्यासारखं काही उरलं नाही. सोनबाने कुऱ्हाडीने पट्टे कापले, वरचा माणूस बाहेर ओढला. चालवणाऱ्याचा पाय स्टिअरिंगखाली अडकला होता आणि तो आता वाद विसरून कण्हू लागला होता. रविराजने गाडीचाच जॅक काढून आत घुसवला आणि एकेक दात चढवत पाय मोकळा केला. घोंगडीच्या झोळीत घालून त्याला वर आणेपर्यंत दोघा बापलेकांचे सदरे घामाने चिंब झाले होते. शोधणारी गाडी तोवर चौकीच्या पुढे, कालव्याच्या कडेकडेने, प्रत्येक पुलाखाली वाकून बघत चालली होती.

परत आल्यावर सुभेदारांनी तक्त्यावरची सतरा नंबरची खूण खोडली, इतकी जोरात की कागद फाटला. मग ते उठले, टोपी नीट केली आणि सोनबाला कडक सॅल्यूट ठोकला. सोनबाला काय करावं ते कळेना, म्हणून त्याने त्यांना तंबाखू दिली.

शेवटचा फेरा उतरत्या उन्हात सुरू झाला. सुभेदारांनी आपली खुर्ची आपण होऊन सोनबाच्या दगडाशेजारी आणून ठेवली होती. रविराज येऊन बापाच्या पायाशी बसला.

"आबा," तो म्हणाला. "ती बांडी."

"तिला टेम्पोला बांधून न्हेली मगाशी. वाचली."

"ती न्हवं. आपली. मेंढी."

भोरी गेली. सोनबाने एक बोट दुमडलं.

"दिवाळीत मी पर्मनंट झालो न्हवं का. पोरं पार्टी मागत हुती. तुमाला इचारलं आसतं तर तुमी दिली नसती. मग रातीच न्हेऊन कापली तिला. तुमी बरोबर मोजलं हुतं, आबा. तीन इसा आन् एक. मी खोटं बोललो. मग तुमी धुंडाळत बसला, तवा तर सांगायचं धाडसच झालं न्हाय."

सरुबाई पालाच्या तोंडाशी उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. सोनबा वाटेवरची नजर न काढता म्हणाला, "तीन म्हयनं झालं मी खांब मोजतूय. रोज. डोस्कं गेलं का ऱ्हायलं, ते बघाया."

रविराज रडू लागला. त्याने बापाच्या गुडघ्याला हात लावला. "आबा, मला—"

"थांब," सोनबा म्हणाला. "मोजू दे मला. चुकंल."

गाड्या दोन-दोन मिनिटांनी येत राहिल्या, धापा टाकत, आरसे तुटलेल्या, दारं दोरीने बांधलेल्या. मेंढका आला. कानतुटी आली. त्यानंतर बांडीची जागा रिकामी गेली आणि ढवळी आली. विसावी गेली तसा सोनबाने खडा मुठीत घेतला आणि पुन्हा पहिलं बोट दुमडलं. सुभेदार खूण करण्याआधी दर वेळी त्याच्याकडे बघत होते.

"एक इसा आन् दोन," शेवटी सोनबा म्हणाला. "समद्या आल्या."

"बावीस पास," सुभेदार वायरलेसमध्ये म्हणाले. "ओव्हर."

माळ रिकामा झाला. पुण्याची मंडळी तंबू गुंडाळू लागली. सरुबाईने पालाची एक खुंटी उपटली, पण नवऱ्याकडे पाहून ती पुन्हा रोवली आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

"आता कोन यायचं ऱ्हायलंय?" तिने विचारलं.

"कोन न्हाय," सोनबा म्हणाला. पण धूळ पूर्ण खाली बसेपर्यंत तो वाटेकडे बघत होता, आणि त्याचं तिसरं, बांडीचं बोट अजून उघडंच होतं.